एका बाहीवरचं ऊन

८ जानेवारी

ही डायरी बाबांच्या टेबलाच्या खणात कोरी सापडली. कुणा टायरवाल्याने भेट दिलेली, गेल्या वर्षीची. वार जुळत नाहीत म्हणून ते खोडून नुसत्या तारखा ठेवणार आहे. बाबांना जाऊन दोन महिने होत आले. मला बोलायला फारसं जमत नाही. घरात माझ्या वाटचं बोलायचे ते बाबाच. म्हणून हे लिहिणं.

आज मासिकात पहिला दिवस. साहाय्यक, फॅशन विभाग. तीन महिने काम बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. फॅशन पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात आम्ही विणीचे प्रकार शिकलो, रंगांचे अंदाज शिकलो, मुलाखत कशी घ्यावी तेही शिकलो. आज मी दिवसभर बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावत बसले. फोटोसाठी आलेले बूट कंपनीला परत करायचे असतात, तळवा घासलेला चालत नाही.

बाबा असते तर म्हणाले असते, "म्हणजे एवढं शिकून पंक्चरच काढतेस ना?" मग त्यांच्या गाडीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असतं, की आमची मुलगी मोठ्या मासिकात आहे.

१५ जानेवारी

विभागात तीनच माणसं महत्त्वाची. संपादक, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. फोटोग्राफर, जो कुणालाच काही म्हणत नाही. आणि स्टायलिस्ट. कुठला कपडा कशावर, कुणाच्या अंगावर, ते ती ठरवते. तिला टाचणी म्हणतात, कारण ती टाचण्या ओठांत धरून बोलते आणि तरी सगळं ऐकू येतं.

मला फोटोओळी लिहायला दिल्यात. कपडा काय, कुणाचा, कुठे मिळेल. मॅडमनी माझी ओळ चार वेळा परत पाठवली. पेन्सिलीने प्रत्येक शब्दाखाली काहीतरी. 'सुंदर म्हणजे काय?' असा एका ठिकाणी शेरा.

टाचणी म्हणाली, "अगं, नशीब समज. माझं तर त्या वाचतही नाहीत, नुसती सही मारतात."

बिचारी माझी समजूत घालत होती.

१९ जानेवारी

आईने बाबांचं कपाट रिकामं केलं. एका सकाळीत. शर्ट, पँट, स्वेटर, सगळं घड्या घालून पिशव्यांत. रडली नाही. मी दारात उभी राहून बघत होते. शेवटी तपकिरी कॉर्डरॉयचं जॅकेट उचललं आणि म्हटलं, हे मी ठेवते.

"ठेव हवं तर," आई म्हणाली. "खिसा फाटलाय त्याचा. कितीदा शिवला, पण त्या खिशात तुझ्या बाबांचा हात कधी गप्प बसायचा नाही."

गाडीचंही विचारलं. शिकवायची गाडी, दोन्हीकडे ब्रेक असलेली, बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात झाकून ठेवलीये. म्हटलं, विकून टाकूया का? "बघू," म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.

दोन महिन्यांत माणूस घरातून इतकं पुसता येतं का? मला नाही जमत.

२ फेब्रुवारी

आईने पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घेतले. रोज सकाळी चालायला जाणार म्हणे. चांगलंच आहे.

मॅडमनी आज फोटोओळ एकदाच परत पाठवली.

९ फेब्रुवारी

आजच्या बैठकीत मला एक सुचलं होतं. मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ. नंतर वहीत काहीतरी लिहिलं. 'ही मुलगी बोलत नाही' असंच लिहिलं असणार. आमच्या धंद्यात न बोलणारं माणूस काय कामाचं? अभ्यासक्रमातले सरही म्हणाले होते, लिहिता येतंय, पण खोलीत असून नसल्यासारखी असतेस.

दोन महिन्यांनी नको म्हणाले तर दुसरीकडे कुठे जाऊ, हे आत्ताच बघून ठेवलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी

आईची पोटरी दुखतेय. फक्त डावी. तेल लावून दिलं. चालणं एकाच पायाचं कसं असू शकतं कळत नाही. बूट बदलून घे म्हटलं, ऐकत नाही. आणखी एक, ती हल्ली खुर्चीतून उठायच्या आधी मान वळवून मागे बघते. मानेचंही काहीतरी असावं. डॉक्टरांचं नाव काढलं तर हसली.

बाबांच्या बरोबरीने स्कूल चालवायचे ते काका आले होते. जाताना म्हणाले, "वहिनी, उद्या चढ घेऊ."

म्हणजे काकाही चालायला जातात बरोबर. गुडघे दुखतात म्हणून एकेकाळी लिफ्टशिवाय हलायचे नाहीत. वयाने माणूस सुधारतो.

२१ फेब्रुवारी

काल जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

शूट शहराबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात होतं. आत इतकी थंडी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी बाबांचं जॅकेट घालून गेले होते. बुटांना पट्ट्या लावताना बाह्या आड यायला लागल्या, म्हणून काढलं. खुर्च्यांवर काही ठेवलं की टाचणी ओरडते. म्हणून ते कपड्यांच्या रॅकवर टांगलं, एकदम टोकाला.

चिकटपट्टी संपली. गाडीतून नवी आणायला गेले. परत आले तर मॉडेलच्या अंगावर पातळ रेशमी झगा आणि वर बाबांचं जॅकेट. फोटोग्राफर जमिनीवर आडवा. "कुणी हलायचं नाही," म्हणाला. दिवसभरात तो बोललेलं हे पहिलं वाक्य, त्यामुळे कुणी हललं नाही. मीही नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, हे कळतं. पण मॉडेलने खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवलं होतं. बाही जिथे बाबांच्या कोपराला वळायची, तिथेच वळली. ती बाही फिकी आहे. बाबा शेजारच्या सीटवर बसून शिकवायचे, कोपर कायम खिडकीबाहेर, त्यामुळे एका बाहीचा रंग उन्हाने गेलाय. दुसरी अजून नवी वाटते. मी बघत राहिले. पट्टीचं बंडल हातात तसंच.

"एकाच बाहीचा रंग उडवलाय," टाचणी म्हणाली, टाचण्यांतून. "काय डोकं आहे! कुणाचं गं हे?"

मला विचारलं नव्हतं. फोटोग्राफरला विचारलं होतं. तो काही बोलला नाही. मी पण नाही.

मग मला मॉडेलबरोबर पुढच्या जागेवर पाठवलं. संध्याकाळी परत आले तेव्हा रॅक रिकामा. सगळे कपडे पिशव्यांत भरून ज्याच्या त्याच्या कंपनीकडे रवाना. जॅकेटसुद्धा.

आईला सांगितलं नाही. थंडी कमी होती म्हणून ऑफिसातच ठेवलं, असं सांगितलं. "बरं," म्हणाली. पण खुंटीकडे बघितलं.

२४ फेब्रुवारी

फोटो भिंतीवर लागलाय. या अंकातला सगळ्यात मोठा. येणारा जाणारा थांबतो आणि बाहीबद्दल बोलतो. लेखा विभागातल्या एकांनी सांगितलं, की हे परदेशात दोन वर्षांपूर्वीच येऊन गेलं. टाचणी म्हणाली, हे हाताने केलंय, ब्लीच असं उतरत नाही. कुणीतरी म्हणालं, यातून असमानतेवर भाष्य आहे. मी चहा घेतला.

दुपारी एका मोठ्या कंपनीच्या प्रसिद्धी विभागातून उत्तर आलं. टाचणीने फोटो पाठवून विचारलं होतं. 'हो, आमचंच. नव्या मालिकेतलं. नाव आणि किंमत लवकरच कळवतो.'

म्हणजे जॅकेट तिथे आहे. निदान कळलं तरी.

मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "या फोटोची ओळ तू लिही. पान उद्या संध्याकाळी छपाईला जातंय. तुझ्या तीन महिन्यांचं काय ते ठरवताना मी हेच पान समोर ठेवणार आहे. सांभाळून."

कंपनीचं नाव टाकून दोन ओळी लिहिल्या की झालं. छान ओळ होईल. मला आता चांगल्या ओळी जमतात. खरं सांगितलं तर सगळ्यांचे चेहरे पडतील, सगळ्यात आधी टाचणीचा, आणि मी परत जाईन घरी. नाही सांगितलं तर बाबांचं जॅकेट कुणाच्यातरी नव्या मालिकेत जाईल आणि खाली शब्द माझे असतील.

२५ फेब्रुवारी

सकाळी बस थांब्यावर उभी असताना बाबांचं एक आठवलं. नवशिका माणूस चौकात गाडी बंद पाडायचा, मागून हॉर्न सुरू व्हायचे, तेव्हा बाबा पेपरमिंटची गोळी पुढे करायचे. "आधी ही घ्या. हॉर्नवाले कुठे जात नाहीत." गोळी चघळून होईपर्यंत माणूस ताळ्यावर यायचा.

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. गोळी नव्हती. तशीच गेले.

"ते जॅकेट त्यांचं नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांचं आहे."

"दार लाव," मॅडम म्हणाल्या. मी लावलं. "परत सांग."

सगळं सांगितलं. रॅक, चिकटपट्टी, ऊन. मग त्यांनी त्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे प्रसिद्धीवाली बाई होती, अगदी उत्साहात.

"अहो, शोरूमच्या काचेतच लावलंय! कालपासून लोक विचारताहेत."

"आमच्या मुलीला काही विचारायचंय," मॅडम म्हणाल्या.

मी फोनपाशी वाकले. "उजव्या खिशात हात घालून बघता का, प्लीज?"

"एक मिनिट हं... अगंबाई, खिसा फाटलाय. तुमच्याकडे फाटला की काय?"

"आधीपासून फाटका आहे. तिथूनच हात आत घाला. अस्तरात, खाली शिवणीपाशी."

थोडा वेळ खसखस आवाज. "हो, आहेत. छोटे छोटे गोल. वजनं आहेत का ही? जॅकेट नीट झुलावं म्हणून?"

"नाही. पेपरमिंट आहेत."

पलीकडून बारीक आवाजात, "आमच्या डिझायनरने सकाळीच त्या वजनांचं कौतुक केलं हो."

मॅडमनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. फारच रागावल्या असाव्यात. फोन ठेवला तेव्हा डोळे लाल होते.

"आता पानाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काढावं लागेल. विकत मिळत नाही ते छापायचं नाही, हा नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"मग मोडायला काय बाहेरून माणूस आणू? खरी ओळ लिही. समोरच्या अर्ध्या पानावरची जाहिरात गळलीये. तिथे या बाहीबद्दल लिहायचं, उद्या दुपारपर्यंत. छपाईवाल्यांना मी थोपवते. आणि हे बघ, मला रडवायला जाऊ नकोस. मला बाही दिसली पाहिजे."

बाहेर टाचणी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ओठांतल्या टाचण्या एकेक काढल्या, तळहातावर ठेवल्या. म्हणाली, "वडील गेले तुझे? आणि मी रोज तुला बुटांना पट्ट्या लावायला बसवतेय? बोलायचं नाही होय गं?"

म्हटलं, पट्ट्या लावायला मला आवडतं. ते खरं आहे.

२६ फेब्रुवारी

पहाटे उठून लिहिलं. सुंदर हा शब्द एकदाही आला नाही. गाडी बंद पाडणारी माणसं, बाहेर टेकलेलं कोपर, पहाटेची बॅच, दुपारची बॅच. दुपारच्या उन्हाने जास्त रंग नेला.

ऑफिसला निघण्याआधी कागद आईला दाखवला, कारण छापून आल्यावर तिला कुणाकडून कळायला नको. तिने ओट्यापाशी उभं राहूनच वाचलं. जॅकेट हरवलं होतं हेही त्यातूनच कळलं तिला.

"बरोबर लिहिलंस," म्हणाली. "काच वर केली की तुझ्या बाबांचा जीव घुसमटायचा. पण कोपराला आतून ठिगळ आहे, ते माझं. ते नाही लिहिलंस."

मग न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ सोडलेला होता. टाकी संपेल म्हणून मी हाक मारली तेव्हा बंद केला.

ठिगळ घातलं. फोटोखाली ओळ अशी गेली : 'जॅकेट : लेखिकेच्या वडिलांचं. विकायला नाही.'

मॅडमनी कागद वाचला. पेन्सिल हातात होती, पण टेकवलीच नाही. नापसंत असेल तर खूण तरी करायची ना. छपाईला गेलं खरं.

१० मार्च

अंक आला. जॅकेटही परत आलं, कंपनीच्या कागदात गुंडाळून. प्रसिद्धीवालीने वर चिठ्ठी ठेवलीये, 'माफ करा, आणि एक गोळी मी खाल्ली.' त्यांच्या डिझायनरने निरोप दिला, की असा एकाच बाहीचा परिणाम कसा आणता येईल, सांगाल का? मी कळवलं, खिडकीपाशी बसवा.

जॅकेट खुंटीवर टांगलं. आईने जाता जाता बाही नीट केली.

२२ मार्च

पत्रं येताहेत. इतकी, की टाचणीने तिच्या कपड्यांच्या रॅकखाली खोकं ठेवलंय. बहुतेकांत फोटो. एका नर्सने आपल्या आईचा स्वयंपाकघरातला ॲप्रन पाठवलाय, पोटाशी दोन हातांचे ठसे. एकांनी बायकोचे हातमोजे, बोटं अजून वाकलेली. एका मुलीने भावाचा शाळेचा कोट. सगळ्यांनी खाली लिहिलंय, विकायला नाही.

मॅडम म्हणाल्या, दर महिन्याला एक पान. तुझं. नाव 'विकायला नाही'. शिवाय आलेल्या कपड्यांचं प्रदर्शन भरवायचं, आपल्याच इमारतीतल्या खालच्या दालनात.

"पण माझे तीन महिने अजून..." मी म्हटलं.

"ते मी फेब्रुवारीतच संपवले. नऊ तारखेच्या बैठकीत. तू काहीतरी बोलणार होतीस आणि बोलली नाहीस. मी वहीत लिहून ठेवलं, हिला पान द्यायचं, म्हणजे बोलेल. कागद तेव्हाच वर पाठवला."

मग त्या पानाची धमकी कशाला दिली होती, ते विचारायचं राहिलं.

४ एप्रिल

प्रदर्शनाची तयारी. टाचणी वाफेची इस्त्री घेऊन आली आणि नर्सच्या आईच्या ॲप्रनकडे निघाली.

"इस्त्री नाही!" मी ओरडले. दालन घुमलं. माझा आवाज मलाच अनोळखी. "एकाही कपड्याला नाही. सुरकुती म्हणजेच ते माणूस आहे."

टाचणी जागीच थांबली. मग वळून सगळ्यांना म्हणाली, "अरे, ऐकलंत का? बोलते ही! आणि काय बोलते!" फोटोग्राफरने टाळ्या वाजवल्या. तो अर्थात काही म्हणाला नाही.

आईला सहा तारखेच्या उद्घाटनाला ये म्हटलं. बस मिळायला त्रास होतो, रिक्षाने ये, असंही सांगितलं. "माझं मी बघते," म्हणाली. काका चालताना पडले की काय कोण जाणे, गाडीचा दिवा फुटलाय असं काहीतरी ती फोनवर बोलत होती, आणि खूप हसत होती.

७ एप्रिल

काल उद्घाटन झालं. माणसं दाराबाहेरपर्यंत. लोक कपड्यांसमोर थांबून हळू आवाजात बोलत होते, जणू कपडे झोपलेत. नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी ॲप्रनवरच्या ठशांवर आपले हात धरून बघितले, न टेकवता. हात बरोबर बसले.

मला चार शब्द बोलायचे होते. जॅकेट घालूनच उभी राहिले, त्याची जागा रॅकवर रिकामी ठेवून. समोर मॅडम पहिल्या रांगेत. त्यांनी पुढे वाकून माझ्या हातात काहीतरी दिलं. पेपरमिंटची गोळी. ती गालात धरूनच बोलले. जॅकेट रॅकवर कसं गेलं तिथून सुरुवात केली, आणि लोक हसले, अगदी योग्य जागी हसले, आणि मग गप्प झाले, तेही योग्य जागी. मी घाई केली नाही. हॉर्नवाले कुठे जात नव्हते.

टाळ्या थांबेनात. आई मागच्या भिंतीपाशी उभी होती, कॅनव्हासच्या बुटांत. काका तिच्या शेजारी, छाती फुगवून, जणू भाषण त्यांनीच शिकवलंय.

बाहेर पडल्यावर मी रिक्षा बघायला लागले. आईने पर्समधून किल्ली काढली.

समोर बाबांची गाडी. कव्हर नाही, धूळ नाही, शिकाऊची लाल पाटी नाही. पुढचा एक दिवा नवा.

"परवाना मिळाला सकाळी," आई म्हणाली. "आधी सांगणार नव्हते. नापास झाले असते तर हसली असतीस."

"दोनदा झाल्यात वहिनी नापास," काका म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

डावी पोटरी. मागे वळून बघणं. चढ. मी फुटपाथवर उभी राहून एकेक जोडत होते. कपाट रिकामं करणारी बाई गाडी का विकत नव्हती, हे मी एकदाही नीट विचारलं नव्हतं.

बाबांच्या सीटवर बसले. काच खाली होती. कोपर बाहेर टेकवलं, फिकी बाही बरोबर तिथेच आली. आईने आरशात बघितलं, मान वळवून मागे बघितलं, गाडी काढली. चौकात समोरून बस आली तसा माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि बाबांच्या बाजूच्या ब्रेकवर टेकला.

आईने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"पाय काढ तिथून," म्हणाली. "येतं मला."

मी काढला.